‘मिळून आला’ : शस्त्राच्या एका व्याख्येचं वाचन

पंचनाम्यावर सही करण्याची वेळ माझ्यावर आयुष्यात एकदाच आली. २०२३ च्या दिवाळीनंतरचा आठवडा. तालुक्याच्या गावी मी महाविद्यालयात मराठी शिकवत होतो. सकाळचं फिरणं आटोपून एसटी स्टँडसमोर चहा घेत होतो, तेवढ्यात ओळखीच्या हवालदारांनी हाक मारली. ‘‘सर, दोन मिनिटं या. पंच पाहिजेत.’’ स्टँडच्या बाकावर एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा बसला होता. शेजारी पत्र्याची पेटी, पिठाची पिशवी आणि गोणपाटात गुंडाळलेला कोयता. आई आजारी म्हणून तो मागे राहिला होता, टोळी ट्रकने पुढे गेली होती, आणि आता हा एसटीने कारखान्यावर निघाला होता. हे त्याने मला सांगितलं. पंचनाम्यात ते आलं नाही. पंचनाम्यात आलं ते असं : लाकडी मुठीचा लोखंडी कोयता, मुठीसह लांबी २१ इंच, पात्याची रुंदी मध्यभागी अडीच इंच, किंमत अंदाजे २०० रुपये, बिगरपरवाना व बेकायदेशीररीत्या स्वतःच्या कब्जात बाळगताना मिळून आला.

मी सही केली. ‘‘नुसती सही आहे सर, कोर्टात यायला लागणार नाही,’’ असं हवालदार म्हणाले, आणि ते खरंच ठरलं.

मुलांना तीस वर्षं मी एकच गोष्ट शिकवत आलो, की मजकूर नीट वाचा, शब्द कुणाच्या तोंडचा आहे ते बघा. आणि स्वतः मात्र एक पानभर मजकूर न वाचता त्याखाली नाव घातलं. त्या पानावर ज्या कायद्यांची कलमं होती ते कायदे मी नंतर मिळवून वाचले. मी वकील नाही. पण कायदा हाही शेवटी मजकूरच, आणि त्यातली व्याख्या हा तर फार दाटून लिहिलेला मजकूर. कवितेच्या ओळीसारखा तो वाचता येतो. तसा तो वाचल्यावर मला जे दिसलं ते इथे मांडतो.

शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये ‘शस्त्र’ या शब्दाची व्याख्या आहे. तिचा आशय माझ्या शब्दांत असा : हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी शस्त्र म्हणून घडवलेली अथवा तशी करून घेतलेली कोणत्याही प्रकारची वस्तू. त्यात बंदुका आल्या, धारदार आणि इतर प्राणघातक हत्यारं आली, त्यांचे सुटे भाग आणि ती बनवण्याची यंत्रंही आली. मग येतो अपवाद. केवळ घरगुती किंवा शेतीच्या उपयोगासाठी घडवलेल्या वस्तू यातून वगळल्या आहेत. उदाहरणं दोन दिली आहेत : लाठी आणि साधी चालण्याची काठी. ज्यांचा खेळण्यापलीकडे काही उपयोग होऊ शकत नाही आणि ज्यांचं रूपांतरही करता येत नाही, अशी हत्यारंही वगळली आहेत.

हे वाचताना मी पहिल्यांदा थांबलो ते लाठीपाशी. निरुपद्रवी वस्तूचं उदाहरण म्हणून मसुदा लिहिणाऱ्याला लाठी आठवावी! या देशात वापरातल्या हत्यारांची मोजदाद केली तर तिचा नंबर बराच वर लागेल. तिच्या नावाने आखाडे आहेत, ‘लाठीमार’ हा शब्द वर्तमानपत्रांत रुळलेला आहे, आणि त्याला ‘सौम्य’ हे विशेषण लावण्याची आपल्या बातमीदारांची सवयही. तरी मसुदाकाराला मी सर्वस्वी दोष देणार नाही. गुराख्याची, रात्री विहिरीवर जाणाऱ्याची, म्हाताऱ्या माणसाची काठी परवान्यात अडकू नये, हा त्याचा हेतू दिसतो, आणि तो भला आहे. अडचण आहे ती ‘केवळ’ या शब्दाची.

‘केवळ शेतीसाठी घडवलेला’ म्हणजे कुणाच्या मनात केवळ? आमच्याकडे कोयता घडवतो घिसाडी किंवा गावचा लोहार. गाडीच्या जुन्या पाट्याचं लोखंड तापवून, ठोकून तो पातं काढतो. गिऱ्हाईक कोण आणि ते त्याचं काय करणार, हे त्याने पात्यावर लिहिलेलं नसतं. कारखान्यात तयार होणाऱ्या पिस्तुलाला जन्मापासून ओळख असते. त्याला क्रमांक असतो, नोंदवही असते. घरी, भट्टीवर, रस्त्याच्या कडेला घडलेल्या वस्तूला तशी ओळख नसते. तिचा हेतू घडवणाऱ्याच्या हातात ठरत नाही, तो पुढे कुणाच्या तरी हातात ठरतो. व्याख्या मात्र घडवण्याच्या क्षणाकडे बघते आहे.

या अडचणीवर नियमांनी काढलेला तोडगा म्हणजे मोजपट्टी. १९६२ च्या नियमांच्या परिशिष्टात बंदुकांव्यतिरिक्तच्या शस्त्रांचा वर्ग होता, तो २०१६ च्या नव्या नियमांतही चालू राहिला. तलवारी, गुप्त्या, खंजीर, भाले, आणि ज्यांचं पातं ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद आहे असे सुरे. इथेही घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय आणि औद्योगिक कामाच्या वस्तू वगळल्या आहेतच. म्हणजे माझ्या पंचनाम्यातला कोयता एकदा व्याख्येने माफ केला होता आणि दुसऱ्यांदा परिशिष्टाने. इंचाची टेप लावण्याचं खरं तर कारणच नव्हतं. पण टेप लावली की मजकुराला वजन येतं. २१ इंच म्हटल्यावर वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ऊस राहत नाही.

मोजपट्टीचं दुसरं टोकही बघण्यासारखं आहे. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं साताऱ्याच्या संग्रहालयात प्रदर्शनासाठी आली आणि ती बघायला रांगा लागल्या. ती प्रतापगडावरचीच की नाही, याची खात्री देता येत नाही असं ते संग्रहालय स्वतःच सांगतं. त्या वादात मला शिरायचं नाही. मला दिसली ती वस्तूची जात : मुठीत मावणारी, बोटांआड लपणारी, लहान नख्यांची. मराठी माणसाच्या आठवणीतलं सगळ्यात नावाजलेलं हत्यार ९ इंचांच्या पट्टीत बसत नाही. ते शस्त्र म्हणूनच घडवलेलं असल्यामुळे व्याख्येत येईल, पण पातं मोजणाऱ्या माणसाच्या हातातून सुटेल.

आणि या वर्गाला परवान्याची अट सगळीकडे लागू नाही. कलम ४ म्हणतं, की केंद्र सरकारने अधिसूचना काढून एखादा प्रदेश ठरवला, तरच तिथे त्या प्रकारच्या शस्त्रांसाठी परवाना लागेल. त्यामुळे चाकू गुन्हा आहे की नाही, हे चाकूइतकंच कुठल्या तरी जुन्या राजपत्रावर अवलंबून राहतं. दिल्लीत १९८० ची अशी एक अधिसूचना आहे. तिथे पट्टी आणखी बारीक : पातं ७.६२ सेंटिमीटर लांब आणि १.७२ सेंटिमीटर रुंद. तिच्या आधारे तिथे वर्षानुवर्षं खटले होत आले. बटणाच्या चाकूच्या अशाच एका खटल्यात २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अधिसूचनेची वाक्यरचना तपासली. ती बंदी विक्रीसाठी बाळगण्याबद्दल आहे आणि आरोपपत्रात विक्रीचा उल्लेखच नाही, असं म्हणून खटला रद्द केला. चाळीसहून अधिक वर्षं त्या वाक्यात ते शब्द होतेच. ते वाचायला कुणी थांबत नव्हतं. मी या बाबतीत एकटा नव्हतो, हे कळून मला समाधान वाटलं असं म्हणता येणार नाही.

बंदुकीच्या व्याख्येत निराळीच गंमत आहे. स्फोटकाच्या किंवा ‘इतर प्रकारच्या ऊर्जेच्या’ जोरावर काहीही फेकून मारण्यासाठी घडवलेलं शस्त्र म्हणजे अग्निशस्त्र. ताणलेल्या रबरातही ऊर्जाच असते. शब्दशः वाचलं, आणि शस्त्र म्हणून घडवली असं धरलं, तर गलोल अग्निशस्त्र ठरते. कोणतंही न्यायालय तिथवर जाणार नाही, पण व्याख्येला काठ कुठे आहे हे सांगता येत नाही, एवढं खरं. एकीकडे ती गलोलीला कवेत घेईल इतकी सैल, आणि दुसरीकडे २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात जे घडलं त्याला तिच्यात जागा नाही. भोपाळ, विदिशा, ग्वाल्हेर या भागांत प्लॅस्टिकच्या पाइपच्या ‘कार्बाइड गन’ दीडदोनशे रुपयांना रस्त्यावर विकल्या गेल्या. शेतातली माकडं, पाखरं हुसकावायला शेतकरी वापरतात ती युक्ती खेळणं म्हणून बाजारात आली. शंभराहून जास्त जण, त्यांत बहुतेक मुलं, डोळ्यांना इजा होऊन रुग्णालयांत दाखल झाले. काहींची दृष्टी गेली. ही वस्तू शस्त्र नव्हे, कारण ती कुणाला मारायला घडवलेली नाही. परवान्याच्या कारखान्यातून येणारा फटाका नव्हे. आणि खेळणं तर नव्हेच. तिच्यातलं कार्बाइड फळं पिकवायला वापरायला बंदी आहे. त्याच्या साठवणुकीसाठी १९८७ चे वेगळे नियम आहेत. आंब्याच्या पेटीत त्याला एक कायदा, गोदामात दुसरा, आणि पोराच्या हातातल्या पाइपमध्ये एकही नाही. मुलं रुग्णालयात गेल्यावर मग जिल्ह्याजिल्ह्यांतून मनाई हुकूम निघाले.

या मनाई हुकुमांवर मला जरा रेंगाळायचं आहे, कारण कायद्यातल्या फटी आपल्याकडे बुजवल्या जातात त्या याच गाऱ्याने. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७(१) खालचे आदेश वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर वाचकांनी पाहिले असतील. ‘जिल्ह्यात मनाई आदेश लागू’ असा मथळा, पंधरा दिवसांची मुदत, आणि मुदत संपली की पुढचा आदेश. त्यातली यादी सोटे, तलवारी, भाले, बंदुका, सुरे, काठ्या, लाठ्या इथपासून सुरू होते आणि शारीरिक इजा करता येईल अशी ‘कोणतीही वस्तू’ इथे पोचते. मग दाहक पदार्थ. मग दगड बाळगणं, जमा करणं. मग प्रेतांचं नि प्रतिमांचं प्रदर्शन. आणि मग, त्याच कलमात, जाहीरपणे घोषणा देणं, गाणी म्हणणं, वाद्यं वाजवणं, आवेशाचं भाषण, हावभाव, सोंगं आणणं. साहित्याच्या विद्यार्थ्याने ही यादी एकदा सावकाश वाचावी. तलवार, दगड, गाणं, नक्कल. एका ओळीत. आपल्या शब्दाला एवढं मोल दुसऱ्या कुठल्या मजकुराने दिलं असेल असं मला वाटत नाही.

शस्त्र अधिनियमाने अपवादातून बाहेर सोडलेली काठी इथे नावानिशी परत येते. एका कायद्यात ती निर्दोषपणाचं उदाहरण आहे, दुसऱ्यात बंदी घातलेल्या वस्तूंपैकी एक. शिक्षा कलम १३५ मध्ये आहे, ती वर्षापर्यंत जाऊ शकते. एरवी जी वस्तू कुणाच्याही दारामागे उभी असते, ती त्या पंधरवड्यात रस्त्यावर गुन्हा होते. आणि पंधरवडे तर एकामागून एक येतच राहतात. अर्थात प्रत्येक काठीवाल्याला कुणी धरत नाही. ते शक्यही नाही आणि कुणाला हवंही नाही. म्हणजे निवड करावी लागते. ती कोण करतं आणि कशावरून करतं, हे आदेशात लिहिलेलं नसतं.

इथे मागे वळून १८७८ चा कायदा बघावा लागतो. व्हाइसरॉय लिटनच्या काळातला तो कायदा. त्याच्या व्याख्येत धनुष्यबाणही नावानिशी होते. (१९५९ मध्ये ते गळले. आपल्याकडे पुढे धनुष्यबाणावरून झालेला वाद निराळ्या कायद्याखालचा.) पण त्या कायद्याचा खरा मुद्दा वस्तू हा नव्हताच. युरोपीय आणि अँग्लो-इंडियन माणसांना त्यातून सूट होती. शस्त्र कोणतं यापेक्षा ते कुणाच्या हातात, हा प्रश्न तो कायदा उघडपणे विचारत होता, आणि म्हणूनच त्यावर पिढ्यान्पिढ्या टीका झाली. त्या काळातली एक सूट अजून शिल्लक आहे : कोडगूच्या कोडवांना बंदुकीच्या परवान्यातून मिळणारी. २०१९ मध्ये ती पुढच्या दहा वर्षांसाठी वाढवण्यात आली. स्वतंत्र भारताच्या कायद्याने ‘कुणाच्या’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘काय’ हा प्रश्न हाती घेतला. समतेच्या दृष्टीने ते मोठं पाऊल होतं. पण घरी घडलेल्या, दोन्ही कामांना चालणाऱ्या वस्तूंच्या बाबतीत ‘काय’ या प्रश्नाला उत्तरच नसतं. मग स्टँडवर, नाक्यावर, जुना प्रश्न परत येतो. त्या दिवशी त्याच फलाटावर नारळवाला बसला होता आणि त्याच्याजवळही कोयता होता. त्याचा पंचनामा झाला नाही, होऊही नये. पण त्याला ओळखणारे तिथे दहा जण होते आणि या मुलाला कुणी नव्हतं, याखेरीज दोन्ही कोयत्यांत फरक काय होता ते मला अजून सांगता येत नाही.

इजा झाल्यानंतरचा कायदा या बाबतीत कितीतरी शहाणा आहे. २००५ मध्ये केरळातल्या एका खटल्यात प्रश्न दगडाचा होता. दगड प्राणघातक हत्यार आहे का? सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की खुनासाठी किंवा इजेसाठी राखून ठेवलेलं असं काही ठरावीक हत्यार नसतं. वस्तू कशी वापरली, तिचा आकार, धार, परिस्थिती काय होती, यावरून ते ठरवायचं. हे वाचन मला पटतं. जखम झाल्यावर कायदा वस्तूकडे वापरातून बघतो. जखमेआधी तो तिच्याकडे घडणीतून बघतो. आणि या दोहोंच्या मधल्या जागेत, जिथे वस्तू हातात आहे पण अजून काही घडलेलं नाही, तिथे कायदा जवळजवळ मुका आहे. तिथे बोलतो तो मनाई आदेश.

ज्यांचा कायदा आपण घेतला त्या ब्रिटिशांनी स्वतःच्या देशात ही मधली जागा १९५३ मध्ये निराळ्या रीतीने भरली. तिथला कायदा तीन प्रकार मानतो : इजेसाठी बनवलेली वस्तू, इजेसाठी बदलून घेतलेली वस्तू, आणि बाळगणाऱ्याच्या मनात इजेचा हेतू असलेली कोणतीही वस्तू. आपल्या १९५९ च्या व्याख्येत पहिले दोन दिसतात, तिसरा नाही. तिसऱ्या प्रकारात हेतू सरकारी पक्षाने सिद्ध करायचा असतो. मात्र बाळगायला वाजवी कारण होतं हे दाखवण्याचं ओझं तिथे आरोपीवर आहे. ते ओझं इकडे आणू नये असं माझं मत. एसटी स्टँडवर एकट्या सापडलेल्या माणसाने आपलं वाजवी कारण सिद्ध करायचं म्हणजे काय, हे मी पाहिलं आहे. पण हेतूचा प्रश्न कायद्याने विचारावा, आणि तो विचारताना वेळ, जागा, सोबतचं सामान, माणूस कुठून कुठे निघाला आहे हे नोंदवणं बंधनकारक करावं, एवढं तरी घेता येईल. पेटी आणि पिठाची पिशवी पंचनाम्यात आली असती, तर तो पंचनामा स्वतःच आरोपीची बाजू मांडता. ब्रिटिशांनीही सगळं साधलं असं नाही. २०२४ मध्ये ‘झॉम्बी’ पद्धतीच्या सुऱ्यांवर बंदी आणताना तेही पुन्हा पट्टीकडेच गेले. आठ इंच.

यादी वाढवत नेली तर प्रश्न सुटेल, असं मानणाऱ्यांनी जपानकडे बघावं. बंदुकांबाबत त्याच्याइतका कडक कायदा क्वचितच कुठे असेल. ८ जुलै २०२२ रोजी नारा शहरात शिंझो आबे यांची हत्या झाली ती घरी बनवलेल्या बंदुकीने. दोन वर्षांनी तिथे कायदा आणखी कडक झाला, आणि बंदूक बाळगायला जाहीरपणे चिथावणं हाही गुन्हा ठरला.

आता पुणे. २०२२-२३ च्या हिवाळ्यात ‘कोयता गँग’ हे शब्द रोजच्या बातम्यांत आले. रस्त्यावर कोयते नाचवणारी पोरं, फोडलेली दुकानं, जखमी माणसं. हे खोटं नव्हतं. त्या भागात दुकान असलेल्या माझ्या आतेभावाने दोन महिने रात्री आठला शटर ओढलं, त्याला मी कायद्याच्या व्याख्या सांगत बसणार नाही. २०२३ च्या सुरुवातीला बातमी आली, की कोयता विकत घेणाऱ्याचं आधार कार्ड दुकानदाराने बघावं, अशी सूचना पोलिसांनी दिली आहे. कल्पना नवी नव्हती. अ‍ॅसिडच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये हेच केलं होतं : विकणाऱ्याने नोंद ठेवायची, ओळखपत्र बघायचं, अठरा वर्षांखालच्याला द्यायचं नाही. त्याच वर्षी दंडसंहितेत अ‍ॅसिडहल्ल्याचं स्वतंत्र कलम आलं. दोन्हींत फरक आहे तो एवढा, की तीव्र अ‍ॅसिड रोज हातात घेऊन पोट भरणारी माणसं मोजकी, आणि कोयत्यावर जगणारी लाखो.

ऊसतोडीच्या धंद्यात ‘कोयता’ हे माणसांचंच नाव आहे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्यामागे, टोळी मोजतो ती कोयत्यांनी. एकटा गडी किंवा एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता. हा शब्द गुन्हेवृत्तात गेला तेव्हा त्याच्यामागून ही माणसंही तिथे ओढली गेली. शब्दाच्या अर्थविस्ताराबद्दल मी वर्गात पुष्कळ बोललो आहे, पण एवढं चटका लावणारं उदाहरण मला पुस्तकात मिळालं नाही.

तो मुलगाही अर्धा कोयताच होता, लग्न झालेलं नव्हतं. त्याचं पुढे काय झालं ते मला वर्षभराने कळलं, तेही मी शोध घेतला म्हणून. पहिल्याच तारखेला त्याने गुन्हा कबूल केला. तारखांना यायचं तर हंगाम बुडतो, आणि हंगाम बुडाला की उचल अंगावर राहते. दंड भरून तो सुटला. कोयता मुद्देमाल म्हणून जमा होता. अपिलाची मुदत संपल्यावर तो नष्ट करावा, असा आदेश झाला. मी त्याला म्हटलं, ‘‘अरे, वकील दिला असता तर कदाचित सुटला असतास. शेतीचं अवजार होतं ते.’’

‘‘मला बी ठावं हुतं सर ते,’’ तो म्हणाला. ‘‘तुमाला बी ठावं हुतं की.’’

पुढच्या दसऱ्याला त्याने बाजारातून नवा कोयता घेतला. घिसाड्याकडून घेतला असता तर स्वस्त पडला असता, पण घिसाडी पावती देत नाही. दुकानदाराने दिली. तिच्यावर त्याने ‘ऊसतोडीसाठी’ असं लिहून घेतलं आहे, आणि आधार कार्डाच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात तो ती घडी करून ठेवतो.